पदकावरचं साल आणि पदक पाडल्याचं साल

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. राजघराण्यांची जुनी चांदीची स्मरणपदकं जमवायला सुरुवात कुठून करावी, अस्सल कसं ओळखावं, आणि लिलावाच्या यादीत तुम्हाला दिसलेलं राणी व्हिक्टोरियाचं ‘१८३७ सालचं, राज्यारोहणाचं दुर्मीळ’ पदक घ्यावं का. शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

ते पदक १८३७ चं नाही. व्यास ५५ मिलिमीटर, तरुण व्हिक्टोरियाचं मस्तक, १८३७ हा आकडा आणि भोवती ‘उजव्या हाती दीर्घायुष्य, डाव्या हाती वैभव’ अशा अर्थाची बायबलमधली लॅटिन ओळ, हे वर्णन १८९७ च्या हीरकमहोत्सवी पदकाच्या मागच्या बाजूचं आहे. ते उलटून पाहिलं तर टॉमस ब्रॉक यांनी घडवलेली, डोक्यावरून ओढणी घेतलेली वृद्ध राणी दिसेल. मागचं तरुण मस्तक विल्यम वायन यांच्या जुन्या कामावरून घेतलेलं आहे, आणि वायन १८५१ मध्येच वारले होते. कारकिर्दीची साठ वर्षं दोन चेहऱ्यांत मांडायची, अशी ती सुंदर कल्पना होती. लंडनच्या रॉयल मिंटने, म्हणजे राजटाकसाळीने, हे पदक सोनं, चांदी आणि ब्राँझमध्ये, दोन आकारांत, भरपूर संख्येने काढलं. ब्रिटिश राजपदकांत याच्याइतकी सहज मिळणारी पदकं थोडीच आहेत. जरूर घ्या, पण १८९७ चं म्हणून, आणि दोन्ही बाजूंचे व कडेचे फोटो मागवून घ्या.

या छंदाचा पाया मला यातच दिसतो. पदकावर कोरलेलं साल हे घटनेचं असतं, पदक पाडल्याचं असेलच असं नाही. नाण्यांकडून पदकांकडे येणारा माणूस इथे हमखास अडखळतो, कारण नाण्यावरच्या सालावर भरवसा ठेवायची त्याला सवय झालेली असते.

काही ठळक उदाहरणं देतो. जिनिव्हाच्या ज्याँ दासिए यांनी १७३१ च्या सुमारास इंग्लंडच्या राजांची मालिका काढली. त्यात पहिल्या विल्यमपासून दुसऱ्या जॉर्जपर्यंत प्रत्येकाचं ४१ मिलिमीटरचं पदक आहे, मागे समाधीसारखं स्मारक आणि त्यावर जन्म, राज्याभिषेक, मृत्यूच्या तारखा. म्हणजे १०६६ हा आकडा असलेलं, उत्तम कारागिरीचं, अस्सल जुनं चांदीचं पदक तुमच्या हाती येऊ शकतं आणि ते अठराव्या शतकातलं असतं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर आपल्या कारकिर्दीचा अख्खा इतिहास पदकांत लिहून घेतला. ती मालिका १७०२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात २८६ पदकं होती, सगळी एकाच ४१ मिलिमीटर मापाची, आणि बहुतेक ठसे, म्हणजे पदक पाडायचे कोरीव साचे, ज्याँ मोझे यांचे. १६४३ च्या घटनेचं पदक त्या मापात दिसलं, तर ते १६४३ मध्ये पाडलेलं नाही हे मापच सांगतं.

तारखेचे दोन खेळ विसाव्या शतकातलेही आहेत. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. दोन दिवस आधी राजावर पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा ९ ऑगस्टला झाला. खासगी कारखान्यांनी २६ जूनची पदकं आधीच पाडून ठेवली होती, ती तशीच विकली गेली. त्यामुळे ‘चुकीची तारीख, म्हणून अतिदुर्मीळ’ असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका; जूनची तारीख असलेली पदकं ढिगाने आहेत. राजटाकसाळीच्या अधिकृत पदकावर ९ ऑगस्ट आहे. दुसरा खेळ आठव्या एडवर्डचा. त्याचा राज्याभिषेक १२ मे १९३७ ला व्हायचा होता आणि त्याने डिसेंबर १९३६ मध्येच गादी सोडली. न झालेल्या राज्याभिषेकाची पदकं ऐकायला दुर्मीळ वाटतात. प्रत्यक्षात कारखाने महिनोन्‌महिने आधी कामाला लागले होते, म्हणून चांदीतसुद्धा ती सहज मिळतात.

आता पुनर्मुद्रणाबद्दल, म्हणजे जुन्याच ठशांवरून नंतर पाडलेल्या प्रतींबद्दल. हा विषय फ्रेंच पदकांत सर्वांत महत्त्वाचा, आणि सुदैवाने सर्वांत सोपाही. पॅरिसच्या टाकसाळीने मूळ ठसे जपून ठेवले आणि मागणी येईल तशी त्यांवरून पदकं पाडत राहिली. लुई असो की नेपोलियन. यात फसवणूक नाही, कारण १८३२ पासून ती टाकसाळ कडेवर खूण उमटवते आणि खुणेवरून काळ कळतो. १८३२ ते १८४१ जुन्या घाटाचा दिवा, मग अगदी थोडा काळ नांगर आणि सी हे अक्षर, १८४२ ते १८४५ जहाजाचं पुढचं टोक, १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८८० मधमाशी, आणि १८८० पासून समृद्धीचं शिंग. खुणेशेजारी चांदीसाठी ‘आर्जां’ हा शब्द असतो. नेपोलियनच्या १८०४ च्या राज्याभिषेकाच्या पदकावर कडेला मधमाशी असेल तर ती प्रत तिसऱ्या नेपोलियनच्या काळात किंवा त्यानंतरच्या दहा वर्षांत पाडलेली आहे. तीही जुनी, तीही चांदीची, पण किंमत वेगळी. खूणच नसेल तर प्रत १८३२ च्या आधीची असू शकते. ‘असू शकते’ म्हणतो, कारण खूण घासून काढणारेही असतात. कड बोटाने फिरवत जा. एखादी जागा सपाट लागली किंवा तिथली चमक वेगळी दिसली तर समजा.

ब्रिटिश पदकांना सहसा अशी सोय नाही. तिथे भिंगच कामी येतं. ठसा वर्षानुवर्षं पडून राहिला की गंजतो, त्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, आणि त्यावरून पाडलेल्या पदकावर त्या खड्ड्यांच्या जागी बारीक पुळ्या उठतात. मोकळ्या सपाट भागात पुळ्या, एखादी उठलेली बारीक रेघ म्हणजे ठशाला गेलेला तडा, आणि जुन्या चेहऱ्याभोवती नको इतकी धारदार, यंत्रावर कातलेली कड असं सगळं एकत्र दिसलं तर प्रत उशिराची. उठलेली पुळी आणि आत गेलेला खड्डा यांतला फरक डोळ्यांत बसवून घ्या. ठशाने पाडलेल्या पदकावर गंजाची खूण उठलेली असते. ओतलेल्या पदकावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे आत गेलेले असतात, अक्षरांच्या कोपऱ्यांत साबणासारखा गुळगुळीतपणा येतो, आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून व्यास मूळ पदकापेक्षा किंचित कमी भरतो. व्हर्नियर कॅलिपर जवळ ठेवायचा तो यासाठी.

पण ओतीव म्हणजे खोटं, असा नियमही करू नका. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात राजा पहिल्या चार्ल्सच्या समर्थकांसाठी टॉमस रॉलिन्स वगैरेंनी केलेली लंबगोल चांदीची पदकं बरीचशी मुळातच ओतून, वर हाताने कोरून पूर्ण केलेली आहेत. निष्ठा दाखवण्यासाठी ती अंगावर घालत, त्यामुळे त्यांना कडी असणं हेही योग्यच. त्यांत कोरणीची ताजी धार दिसते का, हे पाहायचं.

धातूची खात्री घरी होते. त्याच साच्यातली पदकं चांदी, ब्राँझ आणि कथलासारख्या पांढऱ्या मिश्रधातूत विकली जात, आणि ब्राँझवर नंतर चांदीचा मुलामा दिलेले तुकडे बाजारात फिरतात. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर पदकाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. स्टर्लिंग चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग, साधारण १०.३ ते १०.४ देते, शुद्ध चांदी १०.५ च्या जवळ, ब्राँझ पावणेनऊच्या आसपास आणि कथील सव्वासात. १८९७ चं मोठं चांदीचं पदक साधारण ८४ ग्रॅमचं असतं आणि पाण्यात आठ ग्रॅमच्या किंचित वर काटा दाखवतं. त्याच मापाचं मुलामा दिलेलं ब्राँझ सत्तरीतच अडकतं. कानशीने घासून किंवा आम्ल टाकून तपासणी मात्र कधीही करू नका, आणि विकणाऱ्यालाही करू देऊ नका. अशा तपासणीने धातू कळतो आणि पदक कायमचं बिघडतं.

‘हॉलमार्क नाही म्हणजे चांदी नाही’ हा एक पक्का गैरसमज आहे. राजटाकसाळीच्या जुन्या अधिकृत पदकांवर हॉलमार्क नसतो. खासगी कारखान्यांच्या पदकांच्या कडेवर मात्र चालता सिंह, बर्मिंगहॅमचा नांगर किंवा लंडनचा बिबट्याचा मुखवटा, आणि सालाचं अक्षर सापडतं. ते अक्षर तक्त्यात पाहिलं की पदक कोणत्या वर्षी तपासणीला गेलं ते कळतं, म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचं थेट उत्तर. उलट ‘१८३८’ च्या ब्रिटिश पदकावर ९२५ हा आकडा ठोकलेला असेल तर ते आधुनिक काम आहे किंवा शिक्का नंतर मारलेला आहे. त्या काळी तिथे आकड्यात शुद्धता लिहीत नसत. १९७० च्या दशकात वर्गणीदारांना घरपोच मिळणाऱ्या राजाराण्यांच्या चांदीच्या मालिका खूप निघाल्या. त्या सुबक आहेत, पण त्यांची किंमत बहुतेक वेळा चांदीच्या भावाभोवतीच फिरते.

आता पृष्ठभाग. याबद्दल माझं मत कडक आहे. चांदीवर हवेतल्या गंधकाने सल्फाइडचा थर चढतो, आधी पिवळट, मग तांबूस, निळसर, शेवटी काळा. शंभर-दोनशे वर्षांत सावकाश, सारखा चढलेला राप हा पदकाचा भाग आहे. तो पदक अस्पर्श राहिल्याची साक्ष देतो आणि खालचा मूळ पृष्ठभाग झाकून ठेवतो. पॉलिश लावून चोळलेलं पदक भिंगाखाली धरा. एकाच दिशेने गेलेल्या हजारो केसाएवढ्या रेघा दिसतील, राजाच्या गालावरचं उंच काम चपटं झालेलं दिसेल. डबीत बुडवून क्षणात पांढरं करणारी रसायनंही तशीच. ती सल्फाइडसोबत चांदीचा वरचा पदरही नेतात, आणि मागे राहते ती निर्जीव, राखाडी पांढरी कांती. पुनःपुन्हा बुडवलेल्या पदकाला मूळ तेज पुन्हा येत नाही. मी स्वतः चकचकीत केलेल्या प्रतीपेक्षा थोडी झिजलेली पण न चोळलेली प्रत नेहमी आधी घेतो, आणि सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो. बोटांचे ताजे ठसे किंवा चिकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न चोळता वाळवणं एवढंच पुरे.

पदकाच्या माथ्यावर, म्हणजे घड्याळात बारा वाजतात त्या जागी, कडेला नीट पाहायची सवय लावा. जुनी राज्याभिषेक-पदकं लोकांनी भोक पाडून किंवा कडी जोडून गळ्यात घातली. कडी काढून जागा घासली किंवा भोक बुजवलं तरी तिथला रंग आणि अक्षरांची ठेवण दगा देते. अशा प्रतीची किंमत निम्म्याखाली यायला हवी. ती कायम टाळावी असं मात्र मी म्हणणार नाही. १६०३ किंवा १६६१ चं पदक दुसऱ्या कुठल्या मार्गाने परवडणार नसेल, तर बुजवलेल्या भोकासह घ्यावं.

कारण ती राज्याभिषेकांची मालिका हाच माझ्या मते या छंदाचा गाभा आहे. पहिल्या जेम्सचं १६०३ चं पदक, ते २९ मिलिमीटरच्या आसपासचं, लोकांत वाटण्यासाठी काढलेलं पहिलं इंग्रज राज्याभिषेक-पदक मानतात. स्कॉटलंडहून आलेला हा राजा त्यावर स्वतःला ब्रिटनचा सीझर म्हणवतो. पहिल्या चार्ल्सची पदकं निकोलस ब्रियो यांची, दुसऱ्या चार्ल्सचं १६६१ चं टॉमस सायमन यांचं. इतक्या लहान जागेत इतकं बारीक काम त्यानंतर क्वचितच झालं. १६८९ च्या विल्यम आणि मेरीच्या पदकावर रोमन देवांचा राजा ज्युपिटर वीज फेकून सूर्यपुत्र फेथॉनला रथातून खाली पाडतो. रथ हाकता न आलेला फेथॉन म्हणजे गादी गमावलेला दुसरा जेम्स. १७०२ मध्ये राणी ॲन आली तेव्हा टाकसाळीचे प्रमुख होते आयझॅक न्यूटन, आणि तिच्या पदकातल्या चित्राचा अर्थ सांगणारी त्यांची टिपणंही आहेत. जॉन क्रोकर यांच्या त्या पदकावर ॲन पॅलस या युद्धदेवतेच्या रूपात दोन मस्तकांच्या राक्षसावर वज्र उगारते, आणि वर लॅटिन ओळ, ‘गर्जना करणाऱ्याच्या (ज्युपिटरच्या) जागी आता ती’. म्हणजे हे पदक १६८९ च्या पदकाला उद्देशून बोलतंय. विल्यमचं काम मी पुढे चालवते, असं ती सांगते. दोन्ही पदकं शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही, आणि मालिका जमवायची ती याचसाठी.

पुढे १७१४ आणि १७२७ चे दोन जॉर्ज, १७६१ चं लोरेन्झ नाटर यांचं, १८२१ आणि १८३८ ची पिस्त्रुची यांची, आणि मधलं १८३१ चं वायन यांचं, ज्यात एका बाजूला चौथा विल्यम आणि दुसऱ्या बाजूला राणी ॲडलेड. पिस्त्रुची यांच्या व्हिक्टोरियावर त्या काळी पुष्कळ टीका झाली, चेहरा तिच्यासारखा नाही म्हणून. ती टीका मला पटते. मागची बाजू मात्र भारदस्त आहे. ही पदकं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये समारंभाच्या वेळी जमलेल्यांत उधळली जात, आणि १८३८ मध्ये ती वेचायला मान्यवरांची झुंबड उडाली होती. कडेवर एखादा ठोका दिसला तर लगेच नाक मुरडू नका. १९०२ चं डी सॉल्स यांचं, १९११ चं मॅकेनल यांचं, १९३५ च्या रौप्यमहोत्सवाचं आणि १९३७ चं पर्सी मेटकाफ यांचं, या चारांनी आधुनिक टोक पूर्ण होतं.

तुमची सुरुवात याच टोकापासून करा. १८९७, १९०२, १९११, १९३५ आणि १९३७ ची लहान आकाराची अधिकृत चांदीची पदकं, म्हणजे २६ ते ३२ मिलिमीटरची, भरपूर उपलब्ध असल्याने निवडून घेता येतात. अस्सल पृष्ठभाग, अस्सल कड, अस्सल वजन यांचा हाताला सराव होतो. मग १८३१ आणि १८३८, मग अठरावं शतक, आणि सतराव्याकडे सगळ्यात शेवटी. लिलावाच्या यादीत ‘बीएचएम’ किंवा ‘आयमर’ असं लिहून पुढे क्रमांक असतो. हे संदर्भसूचींतले क्रमांक आहेत, आणि एकाच घटनेची अनेक कारखान्यांची पदकं असताना नेमकं कोणतं ते त्यांवरून ठरतं. क्रमांक न देता नुसतं ‘व्हिक्टोरिया ज्युबिली मेडल’ लिहिणाऱ्याकडून मापं मागवल्याशिवाय बोली लावू नका.

फितीवर लावायची पदकं हा वेगळा विषय, तरी दरबार पदकांबद्दल दोन वाक्यं. दिल्ली दरबाराची १९०३ आणि १९११ ची चांदीची पदकं दिसायला जवळची, दोन्ही साधारण ३८ मिलिमीटरची आणि मागे फारसी मजकूर. पण १९०३ ची सुमारे २,५०० आणि १९११ ची सुमारे ३०,००० दिली गेली, त्यामुळे भावात तेवढं अंतर असायलाच हवं. वरची कडी तोडून साधं स्मरणपदक म्हणून विकलेली प्रत मी तरी घेणार नाही.

किती मोजावं, तर मोडीचा भाव हा तळ समजा, आणि त्यावरची रक्कम तीन गोष्टींसाठी मोजा, याच क्रमाने: प्रत त्या काळची आहे का, पृष्ठभाग न चोळलेला आहे का, आणि मग संख्या कमी आहे का. बाजार हा क्रम उलटा लावतो आणि ‘दुर्मीळ’ शब्दासाठी सर्वांत जास्त पैसे घेतो. मूळ लाल चामडी डबी असेल तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही, पण पदक त्याच डबीचं आहे का ते खाचेत बसवून पाहा. घरी ठेवताना मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून सुटणारा पदार्थ हिरवट चिकट थर चढवतो. रबर, लोकर आणि ओकचं लाकूडही चांदीपासून दूर ठेवा. पॉलिएस्टरचं पाकीट आणि कोरडी जागा एवढं बास.

आणि पदकासोबत एखादी जुनी गोल कागदी चिठ्ठी आली, त्यावर बारीक शाईत कुणी क्रमांक, तारीख, कुणाकडून घेतलं ते लिहिलेलं असेल, तर ती पदकाखालीच राहू द्या आणि तिचा फोटो नोंदवहीत लावा. ती चिठ्ठी शंभर वर्षांपूर्वीची असेल, तर पदक निदान तेवढं जुनं आहे याचा याहून चांगला पुरावा भिंगही देत नाही.